कारण: हवामान

२ मार्च, सोमवार

कंपनीनं यंदा सगळ्यांना दैनंदिनी वाटली. तिला चिमुकलं कुलूप आहे. कुलूप आमच्याच कारखान्यातलं, त्यामुळे सेफ्टी पिनेनं उघडतं. दोन महिने ती तशीच पडून होती. आज काढली, कारण आज झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि घरात ऐकणारं माणूस एकच आहे. त्याच्यापाशी सध्या शब्दही एकच आहे.

तर आज आमच्या कुलपांच्या कंपनीच्या मुख्य दारावर चेहरा ओळखणारं यंत्र बसलं. दुसऱ्या कंपनीचं. आयुष्यभर लोकांची दारं राखणाऱ्यांना स्वतःच्या दारासाठी बाहेरून माणूस आणावा लागला, याची लाज बहुधा मला एकट्यालाच वाटली. मी त्याचं नाव द्वारपाल ठेवलं. समोर उभं राहिलं की तो काचेतून निरखतो, जरा विचार करतो आणि मग बाईच्या गोड आवाजात म्हणतो, "आपण उशिरा आला आहात." नऊनंतर येणाऱ्या प्रत्येकाला. तीनदा म्हणाला की अर्धी रजा गेली.

शेजारी नवे साहेब उभे होते. येऊन महिना झाला त्यांना. माणूस नीटनेटका; खिशाला दोन पेनं, दोन्ही चालणारी.

"दहा वाजून गेले," ते म्हणाले.

"हो. रोज जातात," मी म्हटलं.

हसले नाहीत. मीही हसवायला म्हटलं नव्हतं.

४ मार्च, बुधवार

लिहायचंच तर नीट लिहू. मी या कंपनीच्या पत्रोत्तर विभागात आहे. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाचं पुढे काय होतं हे कुणाला बघायचं असेल, तर त्यानं आमच्या दुसऱ्या मजल्यावर यावं. कुलूप उघडत नाही, कुलूप लागत नाही, किल्ली आत अडकली, बायको बाहेर अडकली, अशा तक्रारींना मी उत्तरं लिहितो. लिहिलेल्या तक्रारीला लिहिलेलंच उत्तर जायला हवं, असा कंपनी काढणाऱ्या थोरल्या मालकांचा दंडक होता.

त्यांचा आणखी एक दंडक आम्ही पाळतो. कोणतंही उत्तर टपालात पडण्याआधी मोठ्यानं वाचलं जातं, आणि लिहिणाऱ्यानं ते वाचायचं नाही. दुसऱ्यानं, ज्याला ते जाणार त्याच्या आवाजात वाचायचं. विभागात आम्ही दोघंच, म्हणून हे काम धाकटीकडे. वयानं माझ्या निम्मी, जिभेनं दुप्पट. मला शास्त्रीबुवा म्हणते. चिडलेला दुकानदार, घाबरलेली सून, निवृत्त फौजदार, कुणाचाही आवाज काढते. तिच्या तोंडून आपलं वाक्य ऐकलं की कळतं, आपण किती कोडगे आहोत.

म्हणून मी दोन खर्डे लिहितो. पहिला मनातला. त्यात जे म्हणावंसं वाटतं ते सगळं म्हणून टाकतो, खाली सही ठोकतो आणि डाव्या ट्रेमध्ये टाकतो. धाकटी तो वाचते, आम्ही पोट धरून हसतो आणि फाडतो. मग शहाण्यासारखा दुसरा, तो उजव्या ट्रेमध्ये. हे सगळं संध्याकाळी, फोन थांबले की. ती अकराला यायची, मी दहाला. दोघंही सातपर्यंत बसायचो. जुन्या साहेबांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते माहीत नसल्यासारखं ठेवलं होतं.

आता दहा का. आईला गेल्या वर्षी झटका आला. हातपाय परतले, वाचा परतली नाही. एकच शब्द राहिला: "अगं." भूक लागली, अगं. पंखा बंद कर, अगं. पन्नाशी उलटलेल्या मुलाला हाक, अगं. मी आता स्त्रीलिंगात राहतो.

वाचेचा सराव घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं गेलं तरी पाठांतर पुष्कळदा शिल्लक असतं. लहानपणापासून कानावर असलेलं काही चालीत म्हणून बघा. मी शाळेत असताना देव शब्द चालवायचो तेव्हा आई समोर कपडे घड्या घालत बसायची. संस्कृताचं अक्षर येत नव्हतं तिला, पण माझी चाल चुकली की कान धरायची. तेच काढलं. मी म्हणालो, "देवः देवौ..." आणि आई म्हणाली, "देवाः."

त्या दिवशी मी ऑफिसला गेलोच नाही.

सकाळच्या गोळीची गुंगी उतरली की तासभर ती लख्ख असते. साडेआठ ते साडेनऊ. त्याआधी झोपेत, त्यानंतर थकलेली. तो तास आमचा. सध्या तृतीयेपर्यंत येते.

६ मार्च, शुक्रवार

द्वारपाल बुधवारीच तिसऱ्यांदा बोलला होता. अर्धी रजा गेली. आज साहेबांनी खोलीत बोलावलं.

"उशिराचं कारण?"

"झाला उशीर."

"हे कारण नाही."

"नसेल."

स्वाभिमानी माणसानं याहून जास्त बोलू नये, असं माझं मत आहे. कारण सांगितलं की ते खरं आहे का, पुरेसं आहे का, हे समोरचा ठरवतो. मग आपण उभे आणि तो न्यायाधीश. पत्रं मी रोज देतो तितकीच देतो, चांगली देतो. त्यांनी ती मोजावीत, वाचावीत. घड्याळ काय, भिंतीवरही काम करतं.

धाकटी म्हणाली, "आजीचं सांगून टाका ना. दगड नाहीत ते."

"आईला मी अर्जाला जोडणार नाही."

"बरं, मग मी अकराला का येते ते विचारलं त्यांनी, तर काय सांगू?"

"का येतेस?"

"झोपते," ती म्हणाली.

मला हे उत्तर फार आवडलं.

९ मार्च, सोमवार

आज माझा उशीर माझा नव्हता. दिवसभर आईजवळ बसणाऱ्या ताई नऊला यायच्या, त्या साडेनऊच्या पुढे आल्या. गेल्या पंधरवड्यातली ही पाचवी खेप. मी बूट घालून दारात उभा होतो.

"ताई, नऊ म्हणजे नऊ."

त्यांनी पिशवी खुंटीला लावली, पदर खोचला.

"कारण तरी सांगाल?"

"झाला उशीर."

एवढंच. वर नजर सरळ. उद्धटपणाला काही सीमा? कामाला माणूस चोख आहे, आईचे केस विंचरून वेणी घालतात, आईही त्यांच्याजवळ खुशीत असते, सगळं खरं. पण वेळ ही वेळ असते. मी स्पष्ट सांगितलं, असं चालणार नाही.

ऑफिसात द्वारपालानं स्वागत केलं. त्यात आज नवं फर्मान: साडेपाचला काम बंद, टेबलं मोकळी, दिवे बंद. विजेची बचत. बरं तर, आम्हीही नियमानंच वागू. साडेपाचला घंटा झाली तेव्हा मी "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिल" इथवर आलो होतो. गीर तसाच ठेवून उठलो. धाकटीनं तर अर्धा चहा कपात ठेवला.

येताना मी त्यांच्या घड्याळाचा अपराधी असेन; जाताना आदर्श कर्मचारी होतो.

११ मार्च, बुधवार

आई चतुर्थीपर्यंत आली. "देवाय" म्हणताना हात पुढे करते, काहीतरी दिल्यासारखा. चतुर्थी देण्याची असते हे तिला कुणी सांगितलं?

ऑफिसात तिसरा दिवस साडेपाचचा. वाचन होत नाही. दिवसा फोन, नऊ ते साडेपाच खुर्चीला चिकटवलेली माणसं आणि त्यांची कुजबुज. अशात कुणाचा आवाज कसा काढायचा? डावा ट्रे फुगत चालला आहे. फुगू दे. बघतील तेव्हा बघतील.

१२ मार्च, गुरुवार

डावा ट्रे रिकामा आहे.

काल साडेपाचला टेबलं मोकळी करायची म्हणून जावकवाल्यानं दोन्ही ट्रे उचलले, पाकिटात घातले, पत्ते चिकटवले आणि रवाना केले. सह्या होत्याच. त्याचा काय दोष? मला आठवतात ते खर्डे. एका फौजदारसाहेबांना मी लिहिलं होतं की चोरानं आपलं कुलूप न फोडता उघडलं, याचा अर्थ त्याचे संस्कार चांगले. कपाटाच्या किल्लीची तिसऱ्यांदा तक्रार करणाऱ्या एका बाईंना लिहिलं होतं: "किल्ली दोनदा मोडली, आता फिरतच नाही म्हणता. तेव्हा दोष किल्लीचा की मनगटाचा, याचा विचार व्हावा. मनगट पाठवून द्यावे, तपासून परत करू."

धाकटीनं रिकामा ट्रे उलटा करून पाहिला.

मग म्हणाली, "शास्त्रीबुवा, मनगटाचं वाक्य मी वाचलं असतं ना, तर मी हसले नसते."

१७ मार्च, मंगळवार

पाच दिवस काही झालं नाही. मला वाटलं, लोक पत्रं वाचत नाहीत. इतका आनंद कधी झाला नव्हता.

आज दुपारी खालून फोन: एक बाई आल्या आहेत, पत्र लिहिणाऱ्याला भेटायचं म्हणतात. मी उतरलो. साठीच्या पुढच्या, उंच, इस्त्रीची साडी. शेजारी साहेब, हातात माझं पत्र. बाईंनी मला आपादमस्तक पाहिलं.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

त्यांनी उजवा हात काउंटरवर ठेवला. "आणलंय मनगट. तपासा."

बोटं सांध्यांत वाकलेली, मनगट सुजून एका बाजूला कललेलं. चिमटीत पेन धरायचं तरी कष्ट पडावेत असा हात. आणि या हातानं त्यांनी आम्हाला तीन पत्रं लिहिली होती. मी ती वाचली होती. अक्षर वेडंवाकडं आहे, एवढंच तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं.

त्यांनी पिशवीतून कुलूप काढलं. मी किल्ली घातली आणि फिरवली. माझ्या धडधाकट हाताला जोर लावावा लागला.

"घट्ट आहे," मी म्हटलं.

"ते मी तीनदा कळवलं. मला एक सांगा, तुमच्याकडे पत्र पाठवण्याआधी कुणी वाचून बघत नाही का?"

"पूर्वी बघत होतो," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंना नवं कुलूप दिलं, ते मी स्वतः दहा वेळा उघडून पाहिलं. त्यांनी घेतलं, पण हसल्या नाहीत. "लेखी उत्तर पाहिजे," म्हणाल्या आणि गेल्या.

मग खोलीत.

"असं पत्र गेलंच कसं?"

"वेळेवर गेलं, साहेब."

हे मी म्हणायला नको होतं असं घरी येईपर्यंत वाटलं. घरी आल्यावर वाटेनासं झालं.

त्यांनी दोन्ही पेनं टेबलावर ठेवली. महिनाअखेरपर्यंत मुदत. एक तारखेपासून नऊला खुर्चीत, नाहीतर राजीनामा. सवलत हवी असेल तर कारण लिहून अर्ज, सोबत दाखला; ते विचार करतील.

विचार करतील. आमच्या तासाचा.

१८ मार्च, बुधवार

मन थाऱ्यावर नव्हतं आणि ताई पुन्हा साडेनऊला. मी म्हणालो, "मला महिनाअखेरपर्यंत नऊला ऑफिसात पोचायची सवय करायची आहे. तुम्ही साडेआठला आला नाहीत तर मला पगारातून कापावं लागेल, आणि तरी जमलं नाही तर दुसरी व्यवस्था बघावी लागेल. काही अडचण असेल तर सांगा, मी विचार करीन."

त्या म्हणाल्या, "बरं."

किती साधा उपाय. स्पष्ट बोललं की माणसं ऐकतात.

१९ मार्च, गुरुवार

ताई आल्या नाहीत. फोन केला. "मला नाही जमणार," म्हणाल्या. आवाज चढलेला नाही, रडवेला नाही. निरोप सांगावा तसा.

रजा टाकली.

२२ मार्च, रविवार

चार दिवस मीच वेणी घालतो. आई आरशात बघते आणि म्हणते, "अगं." यातला तिरस्कार मला कळतो.

सराव बिघडला. ती दाराकडे बघत राहते. काल द्वितीयेला अडली, आज मी "देवः देवौ" म्हणून थांबलो तर ओठ मिटून बसली. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा. आवाज चढला माझा, हे लिहून ठेवतो. तिनं हळूच माझा कान धरला, पूर्वीसारखा, आणि सोडून दिला.

एक आठवडा असा गेला तर प्रथमाही जाईल. मग मी नऊला पोचलो काय आणि अकराला पोचलो काय.

२३ मार्च, सोमवार

शेजारच्या आजोबांना तासभर आईजवळ बसवलं आणि ताईंच्या घरी गेलो. साडेआठ झाले असतील. इमारतीला लिफ्ट नाही. जिन्याच्या तोंडाशी पोचलो तर वरून आवाज: "आता डावा. थांब. आता काठी."

ताई उलट्या उतरत होत्या, तोंड वर करून, एकेक पायरी. त्यांच्या समोर त्यांचे यजमान, दोन्ही बगलांत कुबड्या, एक पाय पट्ट्यांत आवळलेला. पायरीवर कुबडी, मग दुसरी, मग शरीर, मग श्वास. ताईंचे हात त्यांच्या कमरेपासून बोटभर लांब. धरलेले नव्हते, पण धरायला तयार. डब्याची पिशवी त्यांनी दातांत धरली होती. मी भिंतीला चिकटून वाट दिली. यजमानांनी मान हलवून आभार मानले, अनोळखी माणसाचे मानतात तसे.

खाली त्यांच्या कारखान्याची गाडी अजून आली नव्हती. ते ओट्यावर टेकले. ताई माझ्याकडे वळल्या.

"साडेनऊला येईन. त्याआधी नाही. कारण विचारू नका."

"विचारलं नाही," मी म्हटलं.

"पगार कापायचा तर—"

"नाही."

त्या साडेनऊला आल्या. किंचित उशिराच आल्या. मी घड्याळाकडे पाठ करून उभा होतो. आईनं त्यांना पाहिलं आणि "अगं अगं अगं" अशी जी झड लावली, ती मी कोणत्याही विभक्तीत ऐकली नव्हती.

दुपारी द्वारपालाला तोंड दाखवलं. तोही आता ओळखीचा झाल्यासारखा बोलतो.

२७ मार्च, शुक्रवार

धाकटीनं आगाऊपणा केला. साहेबांना आईचं सांगितलं. मला रागानं तिच्याकडे बघवेना.

साहेबांनी बोलावलं. खुर्ची दिली. आवाज मऊ. "मला कल्पना नव्हती. मानवतेच्या भूमिकेतून तुम्हाला एकट्याला सकाळची सवलत देतो. दर महिन्याला दाखला जोडा. बाकीच्यांना कळू देऊ नका, नाहीतर रांग लागेल."

"रांग लागेल म्हणजे बाकीच्यांच्या घरीही आया आहेत," मी म्हटलं.

"तुम्हाला हवंय तरी काय?"

त्या क्षणी नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणालो की दया नको. दर महिन्याला आई अजून आजारी आहे असा कागद आणायचा, आणि ज्या महिन्यात ती बोलायला लागेल त्या महिन्यात मी गुन्हेगार.

ते म्हणाले, "मग मंगळवारी राजीनामा आणा."

धाकटी जिन्यात उभी होती. "झालं का?"

"झालं. नोकरी गेली."

"मी भलं करायला गेले होते."

"माहीत आहे. म्हणूनच वेळ लागेल क्षमा करायला. वाईट करायला गेली असतीस तर आत्ता केली असती."

ती रडता रडता हसली. मला ते बरं वाटलं.

३१ मार्च, मंगळवार

राजीनामा लिहिला. एकच खर्डा, मनातलाच. खिशात ठेवला.

साडेपाचची घंटा झाली. माणसं दाराकडे पळाली. घंटेआधीच बॅगा खांद्यावर असतात आता. मी आणि धाकटी उठलो नाही. मनगटाच्या बाईंना लेखी उत्तर जायचं राहिलं होतं आणि ते माझं शेवटचं पत्र असणार होतं. दिवे गेले. खिडकीशी अजून उजेड होता. धाकटीनं कागद तिकडे धरला, पाठ ताठ केली, उजवा हात छातीशी आखडून घेतला आणि बाईंच्या आवाजात वाचायला लागली.

"'आपली जी गैरसोय झाली तिच्याबद्दल—'"

"गैरसोय नको."

दारात साहेब. राजीनामा घ्यायला आले असावेत.

"त्यांनी हात दाखवला होता," ते म्हणाले. "गैरसोय काय? गैरसोय बस चुकल्यावर होते."

मी ते खोडलं. साहेबांनी दिवे लावले आणि स्टूल ओढून बसले. धाकटीनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एका वाक्याला ती थांबली, ते मी बदललं. एकाला साहेबांनी तोंड वाकडं केलं, तेही बदललं. शेवटी पत्र चार ओळींचं उरलं: तुमची तीन पत्रं आम्ही वाचली, पण ऐकली नाहीत. चेष्टा केली ती आमची चूक. कुलूप खरंच घट्ट होतं. नवं घट्ट झालं तर आम्ही तुमच्या घरी येऊ, तुम्ही यायचं नाही.

"हे असं रोज करायचात?" साहेबांनी विचारलं.

"रोज."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही आम्ही कधी येतो ते विचारलंत. काय करतो ते विचारलं नाहीत."

त्यांनी खिशातली पेनं चाचपली. खाली द्वारपाल कुणाला तरी धन्यवाद म्हणत होता.

मग मला सांगता आलं. "विभाग आपापल्या वेळेला येईल. पत्रं अडली, तक्रार आली तर जाब विचारा. मी दहाला येईन, कधी त्याहून उशिरा. ही अकराला. कारण विचारू नका."

बोलल्यावर वाटलं, हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं आहे. घरी येताना आठवलं, कुठे.

साहेब स्टुलावरून उठले. "तीन महिने," ते म्हणाले. "असं एकही पत्र पुन्हा गेलं तर नऊला. दोघंही." मग जरा ओशाळून, "पण एक अडचण आहे. उशीर माफ करायचा तर यंत्रात कारणाचा रकाना आहे. तो रिकामा ठेवता येत नाही. मी करून पाहिलं."

"तुम्ही का पाहिलंत?" धाकटीनं विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "यादीतून निवडावं लागतं. आजारपण, कौटुंबिक, वाहतूक, हवामान."

"आजारपण नको," मी म्हटलं. "कौटुंबिकही नको."

"हवामान बरं आहे," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना सारखंच असतं."

राजीनामा घरी आल्यावर फाडला. डाव्या ट्रेची सवय.

१ एप्रिल, बुधवार

द्वारपाल: "आपण उशिरा आला आहात. कारण निवडा." निवडलं. "धन्यवाद."

आकाश निरभ्र होतं. दिवसभरात हवामानामुळे चार माणसांना उशीर झाला. आमच्या विभागाची दोन. बाकीची कोण, हे मी विचारलं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

आज आई न थांबता सप्तमीपर्यंत आली. "देवे देवयोः देवेषु." मी श्वास धरला. पुढे संबोधन, म्हणजे हाक. मी फक्त "हे" म्हणालो आणि थांबलो.

त्याच वेळी दार वाजलं. ताई धापा टाकत आत आल्या. साडेनऊ केव्हाच होऊन गेले होते. मी एका पायात बूट घालून बसलो होतो, दुसरा हातात. आईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि स्वच्छ म्हणाली,

"अगं, उशीर."

वर्षभरानं आलेला दुसरा शब्द. ताई जागच्या जागी थांबल्या. मीही. कुणाला म्हणाली ते कळायला मार्ग नव्हता, आणि आईनं खुलासा केला नाही. ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती, जाब मागितल्यासारखी. कुणीच कारण सांगितलं नाही.

मी पायातला बूट काढून ठेवला. ताईंनी पिशवी खुंटीला लावली आणि पलीकडे बसल्या.

"पुन्हा म्हण," मी आईला म्हणालो.

तिनं हात लांबवून माझा कान धरला.

ऑफिसात पोचलो तेव्हा धाकटीसुद्धा येऊन बसली होती. द्वारपालानं कारण विचारलं. मी हवामान सांगितलं. बाहेर लख्ख ऊन होतं.